डुंगरीची पाटलोण घालून सावनेरला

वेणूला दिवाळीला आणायचं म्हणजे मुराळी मीच जाणार, यात वादच नव्हता. एकुलती एक बहीण, लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी. आईनं चिवड्याचे पोहे वाळवूनसुद्धा ठेवले होते. प्रश्न एवढाच होता की मी घालून काय जायचं, आणि माझं घोडं तिथंच पेंड खात होतं.

इतवारीतल्या शिंपीकाकांनी मला डुंगरीची नवी पाटलोण शिवून दिली होती. डुंगरी म्हणजे निळीत बुडवलेलं, खळ तशीच ठेवलेलं जाडंभरडं सुती कापड. रेल्वेच्या कारखान्यात आम्ही फिटर लोक तेच वापरतो. माझी पाटलोण जरा जास्तच जाड निघाली. जमिनीवर ठेवली तर माझ्याशिवाय उभी राहायची! काका म्हणाले, "चार महिने पाण्यात घालू नको गा. अंगावर वापरून वापरूनच ते तुह्या अंगाची होते. अन् पांढऱ्यावर बसजो नको." पहिलं मी पाठ केलं, दुसरं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

वेणूच्या सासरी, सावनेरला जायला सकाळी साडेपाचला सायकल काढली. कोराडीच्या तळ्यापर्यंत रस्ता चांगला आहे, तिथवर उन्हाच्या आत पोचा. पुढे गिट्टी उखडलेली आहे आणि सावली नाही. माझी खरी लढाई मात्र पाटलोणीशी चालली होती. गुडघ्यामागं कापड पत्र्यासारखं वाकायचं आणि दर पायडलाला चिमटा काढायचं. दहाएक मैलांनंतर ते जरा नरम पडलं, गुडघ्यावर घड्या पडायला लागल्या, आणि मला कोण आनंद झाला. पाटणसावंगीला भजे आणि चहा घेतला. दोन आण्यांत पोट भरलं. हॉटेलवाला माझ्या निळ्या हातांकडे बघत म्हणाला, "रंगारी होय काय गा तुम्ही?"

"नाही जी, फिटर. नवी डुंगरी हाय."

"घामानं उतरून राहिली ते," तो म्हणाला. मी हसलो आणि निघालो.

सावनेरला वेणूनं पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. "हे काय घातलं गा भाऊ? ताडपत्री होय काय?" तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कापूसवाले शेतकरी. ते पाटलोण बोटांनी चाचपून पाहत म्हणाले, "मजबूत हाय बाप्पा." तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. बाई प्रेमळ, पण रीतिरिवाजाला कडक. "उद्या सीतादही हाय," त्या म्हणाल्या. "पहिला कापूस घरात आला का परवा घेऊन जाजो आपल्या बहिणीले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूनं पांढऱ्या कपड्यांना नीळ घातली, मग आम्ही बैलबंडीत बसून शेतात गेलो. या दिवसांत सावनेरकडे आलात तर सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची ही पूजा, जरूर पाहा. मावशींनी कपाशीच्या झाडांना हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला, आणि दह्यासारखा पांढरा कापूस निघू दे म्हणून हात जोडले. मग पहिली बोंडं वेचली. हा कापूस देवाचा, त्याच्याच दिवाळीच्या वाती होतात. येताना बंडी हादरत होती, म्हणून मी मोठ्या भक्तीनं ते पातळ फडक्यातलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत दाबून धरलं. ऊन मी म्हणत होतं. मांड्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या.

दुपारी मी ओट्यावर सतरंजी टाकून पडलो होतो, तेवढ्यात आतून मावशींचा आवाज आला.

"अगं बाई! कापूस निळा! वेणू, निळीच्या हातानं देवाचा कापूस शिवली काय वं?"

आतून फक्त वेणूच्या बांगड्या वाजल्या.

"तोंड उघड ना! पहिलाच कापूस, अन् असा अपशकुन. दिवाळीले कुठं जातं आता? इथंच राय अन् वळण शिक."

मी उठून बसलो. सतरंजीवर माझ्या मांड्यांचे दोन निळे डाग होते. लख्ख प्रकाश पडला डोक्यात. आणि दारातून वेणू माझ्या पाटलोणीकडे बघून डोळ्यांनीच सांगत होती, गप राहा. तिला कळलं होतं, तरी मुकाट्यानं ऐकून घेत होती. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"मावशी, वेणूनं नाही. माझ्या पाटलोणीनं केलं."

"बहिणीले वाचवासाठी खोटं काहून बोलतं गा?"

आता बोलून उपयोग नव्हता. दोरीवर भाऊजींचं धुतलेलं धोतर होतं, पांढरंशुभ्र. मी ते ओढलं, जमिनीवर पसरलं, ओट्यावर आलेल्या मावशी-भाऊजींदेखत त्यावर मांडी ठोकून बसलो, चांगलं घासलं आणि उठलो. धोतरावर निळे ठसे उमटले होते.

भाऊजी आधी हसले. "माये, माह्या धोतराले सीतादही झाली!" मावशींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होतेच. हसून झाल्यावर त्या वेणूजवळ गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चुकलं माहं." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू ते उतरव आधी!"

पाटलोण मिठाच्या थंड पाण्यात गेली. शिंपीकाकांचे चार महिने तिथंच बुडाले. नवी डुंगरी घेणाऱ्यांनी मावशींचा उपाय लिहून ठेवावा: आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर, मग उलटी करून सावलीत वाळवायची. संध्याकाळी मावशींनी शेतातून दुसरा कापूस आणवला आणि निळा माझ्या हातात दिला. "हा तुमच्या घरी नेजो. रंगानं देव बाटत नाही."

तिसऱ्या दिवशी सायकल सामानाच्या डब्यात टाकून आम्ही छोट्या लायनीच्या रेल्वेनं निघालो. गाडी वाटेत खूप रेंगाळते, पण संत्री स्वस्त मिळतात. पाटलोण अजून ओली, म्हणून मी भाऊजींच्या दुसऱ्या धोतरात. आत मांड्या अजून निळ्याच.

"गप काहून राहिली होतीस?" मी विचारलं.

वेणू संत्रं सोलत म्हणाली, "तू मुराळी होऊन आला होता गा. माह्या सासरी तुले बोल लागला असता, तर पुढच्या साली तू आला असता काय?"

मी तिच्या हातातलं संत्रं घेतलं आणि उरलेलं सोलून तिला दिलं.

दिवाळीला वेणूनं त्याच कापसाच्या वाती वळल्या. फिकट निळ्या. पेटल्यावर त्यांचा उजेड शेजारच्या पणत्यांसारखाच पडला. पाडव्याला भाऊजी आले, पाटलोण घेऊन. रंग उतरलाय, पण सायकलवर पडलेल्या गुडघ्याच्या घड्या तशाच आहेत. रोज कारखान्यात तीच घालतो.

पुढच्या साली सावनेरला मीच जाणार आहे. धोतर नेसून.