गाडीवाली

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांचं कारखान्यातलं कंत्राटी काम गेलं आणि घर आईच्या शिलाई मशीनवर आलं. रेल्वेतून रिटायर झालेले मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गोंदियाहून आपली जुनी चारचाकी घेऊन आले. "तुह्या बापाले दवाखान्यात न्याले कामी येईल," म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.

रोज सकाळी मी बाबांना व्यायामासाठी दवाखान्यात सोडायची. आई त्यांच्याजवळ थांबायची. मी तशीच पुढे कॉलेजला जायची आणि परतताना दोघांना घेऊन यायची.

गाडीनं हळूहळू अंग टाकलं. आधी पुढचं डावं दार आतून उघडेना. मग त्याची काच वर चढेना. मग ब्रेक किंचाळू लागला. तात्यापारा मोहल्ल्यातला मेकॅनिक दर वेळी म्हणायचा, "दीदी, दरवाजा रहने दो, ब्रेक तो करा लो."

"हव भैया, स्कॉलरशिप आली का करतो."

स्कॉलरशिप येतच नव्हती. कॉलेज ऑफिसच्या खिडकीवरच्या बाबूला विचारलं, तर तो मानही वर न करता म्हणाला, "कार से आती हो, फिर स्कॉलरशिप किसलिए?"

मी बाबांच्या आजारपणाबद्दल सांगितलं, उत्पन्नाचा दाखला पुढे केला.

"कार तो कार होती है," तो म्हणाला. मागची रांग हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी दाखला उचलून निघून आले.

घरी आई भडकली. "काहून गप बसली तू?" बाबांनी जड जिभेनं कसंबसं म्हटलं, "गाडी... इकून टाक." मला आणखीच संताप आला. माझ्या फीसाठी आता यांनी दवाखानाही सोडायचा?

मे महिन्यात एका दुपारी तोच बाबू कॉलेजच्या गेटवर भेटला. "बेटा, पुरानी बस्ती तरफ छोड़ दोगी?" निर्लज्जपणाची कमाल! पण उन्हाकडे पाहून मी त्याला बसवलं. उघड्या खिडकीतून गरम वारा त्याच्या तोंडावर येत होता. ब्राह्मणपाऱ्याच्या वळणावर फळांचा ठेला आडवा आला. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी किंचाळत ठेल्याला टेकून थांबली.

"अरे, इसको बनवाती क्यों नहीं?" तो ओरडला.

"पैसा आपकी खिड़की पर अटका है, सर."

"मेरे हाथ में कुछ नहीं है."

"तो रोका किसने? मेरी गाड़ी देखकर आपने ही ना?"

तो उतरायला दार ओढू लागला. मी सावकाश फेरा मारून बाहेरून दार उघडलं. तो उतरून तरातरा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आईनं आणि मी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून प्राचार्यांच्या ऑफिसचा जिना चढवला. प्राचार्य खुर्चीतून उठले. बाबूला बोलावलं. बाबांना पाहून तो म्हणाला, "पहले बताना था ना!" मी काय आजवर भिंतीला सांगत होते?

पावसाळ्यानंतर पैसे आले, ब्रेक नवे झाले. मैत्रिणी म्हणाल्या, झालं ना काम, आता सोड तो राग.

पण त्या दिवशी जिना उतरताना घामाघूम झालेल्या बाबांनी मला विचारलं होतं, "मले दाखवाले आणलं का वं?" कागदावर लिहिलेलं कुणी वाचलं असतं, तर माझ्या बापाला हे विचारावं लागलं नसतं.