शून्यापाशी थांबलेली फाईल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझं जवळपास सगळं ठाऊक आहे — घोरणं, कॉलेजात नापास होणं, सगळं. हे मात्र मी कधी ओठांवर येऊ दिलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही शिवानंदला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

शिवानंद माझा मित्र. ऐंशीच्या दशकात शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं प्रोग्रॅमर होतो. कंपनी म्हणजे काय, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कंप्युटर बसवायचं काम होतं. उसाची गाडी काट्यावर आली की वजन आपोआप नोंदवलं जायला हवं. ऑपरेटिंग सिस्टीम आमच्याच हातची — तिचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्याकडे. काट्यावरची वजनं वाचणारा भाग शिवानंदकडे. तो जयसिंगपूरचा, घरी बियाण्यांचं दुकान, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. कंप्युटरवर त्याचा भारी जीव. कीबोर्डला हात लावायच्या आधी तो शर्टाला बोटं पुसायचा. मी त्याची थट्टा करायचो.

तर — यंत्र मधेच बंद पडायचं. का, ते कळेना. कर्नलच्या आत काय चाललंय हे बघायला मी आधीच एक खिडकी ठेवली होती, पण तिच्यातून फक्त मजकूर यायचा, वाचता येतील अशी अक्षरं. मेमरीतला कच्चा माल, म्हणजे बायनरी, जसाच्या तसा फाईलमध्ये उचलायची सोय नव्हती. ती मी खपून केली. साहेबांनी पाठ थोपटली. शिवानंद तर माझ्यापेक्षा जास्त खूश.

"मर्दा, आता यंत्राच्या पोटातलं बी दिसतंय की!"

माझ्या कामाचा इतका आनंद पुढं आयुष्यात दुसऱ्या कुणाला झाला नाही.

पुन्हा यंत्र बंद पडलं, तेव्हा आम्ही ती नवी फाईल उघडली. मेमरीतल्या शिवानंदच्या जागेत सुरुवातीला थोडी वजनं — आणि पुढं नुसती शून्यं. त्याच्याच प्रोग्रॅमनं मेमरी पुसली, असा अर्थ झाला. दुसरा कोणता होणार? आमच्यात रीत होती, ज्याची चूक त्यानं सगळ्यांना मिसळ खिलवायची. शिवानंदनं खिलवली. मी वर जादा कट मागून घेतला.

मग तो स्वतःच्याच प्रोग्रॅमच्या मागं लागला. ओळ न् ओळ तपासली, सगळा पुन्हा लिहून काढला. फाईल तेच सांगायची. गळीत हंगाम ऐन भरात, कारखाना साहेबांवर ओरडायचा, साहेब त्याच्यावर. हसतमुख माणूस, पण डबा न उघडताच परत न्यायला लागला. शेवटी एके दुपारी म्हणाला, "ह्ये काम माझ्या हाताला न्हाय बघ." आणि राजीनामा दिला.

आता किती आढेवेढे घेऊ?

चूक माझी होती. मजकूर वाचताना शून्य आलं की मजकूर संपला, असं यंत्र धरतं. बायनरीत तसं नसतं. तिथं शून्य हाही इतरांसारखाच एक आकडा. मी मजकुराचाच जुना कोड उचलून नव्या कामात घातला होता. पहिलं शून्य दिसलं की माझी खिडकी थांबायची आणि उरलेली फाईल शून्यांनी भरून टाकायची. आणि काटा रिकामा झाला की शून्यच दाखवणार ना? एक गाडी उतरली, की तिथंच शिवानंदच्या नोंदी कापल्या जात होत्या.

हे मला कधी कळलं? तो जायच्या दिवशी. मी कोड दुरुस्त केला, फाईल पुन्हा काढली — त्याची सगळी वजनं जागच्या जागी, एकाखाली एक. तो तेव्हा पलीकडच्या खोलीत साहेबांना किल्ल्या देत होता. एक हाक मारायची होती. मारली नाही. पाठीवर पडलेली थाप मला सोडवेना — इतकंच, याहून मोठं काही कारण नव्हतं.

पुढं बिघाडाचं मूळ कर्नलमध्ये, माझ्याच भागात सापडलं. तेही गुपचूप निस्तरलं. शिवानंद गेला आणि यंत्र सुधारलं, असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली.

वर्ष-दोन वर्षांत त्याचं लग्न निघालं. आग्रहाचं बोलावणं आलं, मी गेलो. त्यानं मला हाताला धरून सासरच्या माणसांपुढं उभं केलं. "पावणं, ह्यो माझा दोस्त. ह्यानं माझी चूक मला दाखवली. दुसरा असता तर झाकून ठेवली असती." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माया होती. मी हसलो. होय, हसलो.

जेवणं झाल्यावर त्याची धाकटी बहीण गिरिजा माझ्याकडं आली. ती शिवानंदला अण्णा म्हणायची. नुकतीच बारावी झालेली, गणितात कॉलेजात पहिली. तिला कंप्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता.

"अण्णा म्हंतोय, आपल्या घरात त्ये कुणाला जमायचं न्हाय. तुमी काय म्हंता, दादा? तुमी सांगितलं तर त्यो ऐकंल."

तिचे डोळे अगदी भावासारखे होते, पहिल्यांदा ती फाईल उघडताना त्याचे होते तसे. शिवानंद जरा लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता. मला वाटतं, मी 'होय' म्हणावं अशी त्याचीही आशा असावी. पण 'होय' म्हटलं, की का, ते सांगावं लागलं असतं — चूक त्याच्या हातची नव्हतीच, हे.

मी म्हणालो, "अण्णा सांगतोय ते ऐक."

तिनं ऐकलं.