आतल्या कॉम्प्युटरचं सोवळं

आमच्या शेतात झेंडू व्हायचा, पण आमच्या दाराला तोरण नसायचं. विकता येईल ते फूल दारावर लटकवणं परवडत नव्हतं. आई सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठी, बाजारात बसायची आणि येताना चार घरी फुलांचा रतीब टाकायची. एका घरी टोपली उंबऱ्याबाहेरच ठेवावी लागे. बाई यायच्या, फुलांवर पाणी शिंपडायच्या, मग ती फुलं देवाला चालायची. दप्तर पाठीला लावून मी बघत उभी असायचे.

पुढे मी बी.एस्सी. झाले. घराण्यात पहिली. हे मी न विचारता सांगते, कारण नाही सांगितलं तर लोक टायपिस्ट समजतात.

समजलेच. द्वारका चौकाजवळ द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात मला ऑपरेटर म्हणून घेतलं, तेही तात्पुरतं. हंगाम नीट गेला तर कायम करू, असं मालक म्हणाले होते.

कंटेनरची कागदपत्रं बनवणारा तिथला प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. जुनी मशिनं मोडीत गेली, तेव्हा एका इंजिनिअरनं नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडून दिली आणि तिच्यात अख्खा जुना कॉम्प्युटर चालू केला. व्हर्च्युअल मशीन. मालक त्याला 'आतला' म्हणत. ज्याच्यावर इंटरनेट होतं, तो 'बाहेरचा'. दिंडोरीच्या शेतकऱ्यांच्या फवारणीच्या याद्या ईमेलनं बाहेरच्यावर यायच्या, लागायच्या मात्र आतल्यावर. दोघांत एक सामायिक फोल्डर ठेवता येतो, हे इंजिनिअर सांगून गेला होता. मालकांनी तो बंद करायला लावला. व्हायरस येतो म्हणे. बाहेरचं आत नको.

मग मी काय करायचे? बाहेरच्यावर यादी उघडायची, छापायची, आणि कागद मांडीवर घेऊन त्याच पडद्यावर, त्याच कीबोर्डनं, आतल्यात पुन्हा टाइप करायची. घरी हे सांगितलं तर आई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "एकाच डब्यात दोघं राहत्यात, अन् तू मधून कागद वाहती? याच्यासाठी शिकली व्हय?"

मालकांच्या पेनड्राइव्हला मात्र हा नियम नव्हता. तिच्यात आरत्या होत्या आणि पुतण्याच्या लग्नाचे फोटो. सकाळी अगरबत्ती लावली की पेनड्राइव्ह थेट आतल्यात, आरती सुरू. तिचा विटाळ नव्हता.

ऐन हंगामात टाइप करताना माझ्या हातून एका बागेच्या प्लॉटचा नंबर चुकला. कागद जुळेनात, ट्रक भर उन्हात उभा. मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं की पदवी असून साधं टाइप करता येत नाही, या महिन्यानंतर येऊ नका.

मी म्हटलं, "साहेब, तुमची पेनड्राइव्ह द्या जरा."

ती बाहेरच्याला लावून अँटिव्हायरसनं तपासली. लाल ओळी खाली खाली येत राहिल्या. मग आतलाही तपासला. सोवळ्यातल्याच्या अंगात तेच व्हायरस, तीच नावं. शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस एकदम फायली लावायला लागले. मालकांनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"फोल्डर उघडून द्या," मी म्हटलं. "तपासलेलीच फाइल त्यात ठेवीन. आतल्याला फक्त वाचायची मुभा. आणि तुमच्या आरत्या यापुढे टेपवर."

"करा काय करायचं ते," ते म्हणाले. पाणी शिंपडायचं तेवढं राहिलं.

आतला साफ केला, फोल्डर जोडला. पहिली यादी आत उघडली तेव्हा मी प्रिंटरची वायर काढून कपाटात ठेवली. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी मागून घेतली, बिलं छापायला.

उरलेल्या हंगामात एकही यादी हातानं टाइप झाली नाही. पावसाळ्याआधी मला कायम केलं. पुढच्या दसऱ्याला आईनं रतीब बंद केला आणि आमच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं.