लग्नसराईतलं ऑपरेशन

आईने लोकांची झंपरं शिवून मला बी.ए. केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बनारसला बँकेत नोकरी लागल्यावर आईबाबांना काशी दाखवायला आणलं, आणि तिथे एका दुपारी आईला सुईत दोरा ओवता येईना. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती. "जितकी लवकर काढू तितकी नजर वाचेल," सरकारी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लगेचची तारीख दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या न्हाव्याने आईचं डोकं भादरलं. कमरेपर्यंतचे केस होते. सकाळी नर्सने कुंकू पुसायला लावलं, बांगड्या-मंगळसूत्र काढून बाबांच्या हाती दिलं. आई उपाशी बसून राहिली. दुपारी निरोप आला, आज नाही. मोटरसायकलवरून पडलेली दोन पोरं आली होती, डोकी फुटलेली. थिएटर एकच.

लग्नसराई होती. तिकडे जावयाला हुंड्यात मोटरसायकल द्यायची रीत. नवी गाडी, वर तिघे बसलेले, पोटात दारू आणि डोकी उघडी. पुढची तारीखही अशीच गेली. खाटा संपल्या, मग जमिनीवरच्या गाद्याही संपल्या. आईच्या डोक्यावर खुंट वाढले की न्हावी पुन्हा येई. एकदा बाबा चहा आणायला गेले असताना शेजारच्या खाटेवरची बाई कळवळून म्हणाली, "माताजी, बाबूजी कब गुज़रे?" काशीत मुंडण केलेली बाई म्हणजे विधवाच. एवढ्या दिवसांत आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

तिसऱ्या वेळी तिची पाळी एका नवरदेवाने घेतली. अंगावरची हळदही उतरली नव्हती. वॉर्डाच्या दाराशी त्याचा सासरा कुणाला तरी सांगत होता, "हेलमेट भी दिया था गाड़ी के साथ। बोला, बाल बिगड़ जाएँगे।"

माझं डोकंच फिरलं. "बाल? आइए, मेरी माँ के बाल देखिए! गाड़ी दी क्यों आपने?"

"न देते तो बारात लौट जाती, भैया."

नवऱ्याचा बाप बाजूलाच मान खाली घालून उभा होता. मी त्यालाही सोडलं नाही. "माँगी थी न? अब चलाइए आप!"

आतून आई ओरडली, "अरे, पुरे कर! पोर आत आहे त्यांचं."

"आणि तुझे डोळे?"



ऑपरेशन झालं, पण लग्नाचे मुहूर्त संपल्यावर. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या तारखेला झालं असतं तर नजर वाचली असती." डावा डोळा गेला. उजव्याला सावल्या दिसतात. जीव वाचला हे काय कमी, असं नातेवाईक म्हणतात. कमीच आहे. शिकल्यासवरल्या घरातही अजून मांडवात गाडी उभी करतात, तिला हार घालतात, आणि मला जेवायला बोलावतात. मी जात नाही.

तो नवरदेव वाचला की गेला, हे मी कधी विचारलं नाही. अजूनही विचारावंसं वाटत नाही.