तिला न विचारता छापलेलं पत्रक

छापखान्यातल्या ओल्या शाईचा वास आला की मला घुग्घुसच्या आमच्या चर्चमधली एक उपासना आठवते. त्या रविवारी मंडळीचा कारभार पाहणारा आणि प्रभुभोजनाची भाकर वाटणारा नवा वडील निवडायचा होता. रात्रपाळी करून खाणीतून आलेली माणसं पेंगत बसली होती आणि प्रत्येक बाकावर मी लिहिलेलं पत्रक होतं: जी बाई वीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करते, तिला वडीलपद का नाही? पुढच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "आता बाया प्रभुभोजनाचं ताट फिरवतीन, अन् आमी घरी भाकरी थापू." सगळे हसले. जिच्याविषयी मी लिहिलं होतं, ती बाई मागून उठली आणि एकेकाच्या हातातलं पत्रक काढून घेत माझ्यापर्यंत आली. "पोरी, मले इचारलं काऊन नाई?" ती हळूच म्हणाली. "आता कोनाच्या आजाऱ्यापाशी बसली, तर लोक म्हणतीन, बाई मतं मागून राह्यली." वडील म्हणून एक पुरुषच निवडून आला. त्याच आठवड्यात एका आजारी खाणकामगाराच्या घरून तिला खरोखरच दारातून परत पाठवलं. माझा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी आजही भांडून सांगेन. यंदा पुन्हा निवड आहे. नवं पत्रक लिहून तयार आहे, पण छापखान्यात न देता ते घेऊन मी तिच्या दाराशी उभी आहे, आणि माझा हात अजून कडीपर्यंत गेलेला नाही.