चिकटलेल्या ट्रिगरचा वास

पैठण गेटजवळच्या त्या दुरुस्तीवाल्याच्या नाकाची मला आता भीती वाटते. गेमचा कंट्रोलर उघडला की तो चिकटलेलं बटण आधी हुंगतो आणि मोठ्यानं निकाल देतो. "चहा हाय, अद्रकवाला!" गिऱ्हाईक लाजतं, हा हसत हसत स्पिरिटच्या बोळ्यानं बटण पुसतो.

काल मी धाकट्या भावाचा कंट्रोलर नेला. त्याचं मागचं ट्रिगर-बटण दाबलं की आतच अडकून बसत होतं. त्यानं हुंगलं, पण हसला नाही. पुन्हा हुंगलं.

"काय सांडलंय, भाई?" मी विचारलं.

तो बटण पुसू लागला. शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पुसतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, घरात कुणाला खोकला हाय का?"

"नाही. का हो?"

"हे खोकल्याचं औषध हाय. हल्ली पोरं नशेसाठी पितात. भावाकडं ध्यान द्या." पैसे न घेताच तो आत वळला.

घरी आले तर भावाच्या खोलीचं दार बंद होतं. मी दाराला कान लावून उभी राहिले. आतून एकदा तरी खोकल्याचा आवाज यावा, एवढंच वाटत होतं.