फेट्याची तीन मिनिटं

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात राजीव म्हणजे फेटेवाला. नोकरीने तो सॉफ्टवेअरवाला, पण ते काय, तिथे सगळेच. कोल्हापुरात मामाच्या हाताखाली लग्नसराईत शिकलेल्या फेट्याने त्याला परदेशात नाव दिलं. गणेशोत्सवाला कुणी बडा पाहुणा आला की मंडळाच्या अध्यक्ष कांचनकाकू हाक मारायच्या, "राजीव, पाहुण्यांचं डोकं तुझ्या ताब्यात!"

आणि ते खरोखर ताब्यात असायचं. फेटा बांधून होईपर्यंत तीनेक मिनिटं भल्याभल्यांना मान हलवता येत नाही. एका वर्षी हॉलोवे नावाचा सिनेटर त्याच्यापुढे असाच उभा राहिला. माणूस महा तुसडा. हसायचा नाही, हात मिळवताना घड्याळ बघायचा, त्यात हॉस्पिटलांच्या निधीला कात्री लावून त्याने सगळ्या राज्याचे शिव्याशाप घेतलेले. राजीवने पहिला वेढा घेता घेता मन घट्ट करून त्याला सांगून टाकलं. आपण ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलोय. मुलगी सलोनी दोन वर्षांची असताना इथे आली. एकवीस पूर्ण झाली की बापाच्या व्हिसावर तिला इथे राहता येणार नाही.

"आता किती वर्षांची आहे?" हॉलोवेने विचारलं.

"अठरा."

बस्स, एवढंच. पण हिवाळा सरायच्या आत त्याने अशा मुलांना इथेच राहू देणारं विधेयक मांडलं. राजीवने ती बातमी बायकोला, उत्तराला, मोठ्याने दोनदा वाचून दाखवली.

त्याच वर्षी हॉलोवेने जाहीर केलं की पुन्हा उभा राहणार नाही. मंडळात आनंदीआनंद! कांचनकाकूंनी पेढे वाटले. "गेली एकदाची पीडा," त्या म्हणाल्या. राजीवने पेढा घेतला, पण तो तसाच खिशात ठेवला. विधेयक अजून अडकलेलंच होतं. ते पुढे रेटणारा तो एकच खडूस माणूस, आणि सगळं जग त्याला निरोप द्यायला उतावीळ झालेलं.

त्याच्या जागेसाठी दोघांची जुंपली. निवडणुकीच्या वर्षी दोघेही एकाच संध्याकाळी आरतीला येणार होते. राजीव घरी आरशासमोर उभं राहून बोलायची तालीम करू लागला. जो कुणी निवडून येईल त्याने विधेयक उचललं, तर सलोनी वाचेल.

हॉलवर पोचला तर टेबलावर रेडिमेड फेट्यांची खोकी!

"अरे, दोघांचंही शेड्यूल टाइट आहे," कांचनकाकू म्हणाल्या. "टोपीसारखा घालायचा, फोटो काढायचा, झालं. तुझाही त्रास वाचला की!"

ब्रेनन नावाचा हसरा उमेदवार आला, फेटा डोक्यावर चढला. "सर, माझी मुलगी..." राजीवने तोंड उघडलं. "भेटून फार आनंद झाला!" म्हणून ब्रेननने हात दाबला आणि पुढच्या माणसाकडे वळला. दुसरा उमेदवारही तसाच फोटो काढून गेला.

"बाबा, इट्स ओके," सलोनी गाडीत म्हणाली. "मी ब्रेननसाठी व्हॉलंटियर करते. माणूस नाइस वाटतो." मत ना तिला होतं ना बापाला. तरी पोरीने गारठ्यात दारोदार फिरून त्याच्यासाठी मतं मागितली.

ब्रेनन जिंकला. वर्ष संपताना हॉलोवेचं विधेयक बारगळलं. राजीवने नव्या सिनेटरच्या ऑफिसात फोन केले. नोंद घेतलीय, एवढंच उत्तर मिळत राहिलं. सलोनीचा स्टुडंट व्हिसाचा अर्जही नामंजूर झाला. एप्रिलमध्ये एकवीस पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी ती पुण्याला निघाली. "तिकडे मी कुणालाच ओळखत नाही, बाबा," एअरपोर्टवर ती म्हणाली. थंडीचा कोट तिने काढून आईच्या हातात दिला. तो छातीशी धरून उत्तरा पार्किंगमधून रडत चालली होती.

सप्टेंबरात गणपती आले. राजीव जाणारच नव्हता, उत्तरानेच पिटाळलं. सिनेटर ब्रेनन प्रमुख पाहुणा. त्याचं डोकं मोठं, रेडिमेड फेटा काही केल्या बसेना. कांचनकाकूंची हाक आली, "राजीव, धाव रे बाबा!"

त्याने कापडाला पीळ दिला, पहिला वेढा घेतला. वर्षभर जपलेली तीन मिनिटं अखेर हातात आली होती. पण आता बोलून उपयोग काय! तो मुकाट्याने बांधत राहिला.

शांतता नकोशी होऊन ब्रेननच बोलला, "मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"अरे वा. किती वर्षांची?"

राजीवने पुढचा वेढा ओढला. "एकवीस."

"छान! तिला माझ्या ऑफिसात पाठवा ना. आम्हाला अशीच मुलं हवी आहेत इथे."

राजीवने तुरा उभा केला, शेमला पाठीवर नीट सोडला. "सांगतो तिला," तो म्हणाला, आणि फोटोसाठी बाजूला झाला.